खेळयंत्रांची स्पर्धा आणि स्टुडिओंची खरेदी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. पाठ्यपुस्तकांनी आपल्याला तशी सवयच लावलेली आहे. परंतु व्यापारालाही इतिहास असतो. त्यातही वेढे पडतात, तह होतात, फितुरी होते आणि पुष्कळदा गड लढून नव्हे तर पैसे मोजून घेतले जातात. ईस्ट इंडिया कंपनीचा धडा शिकविताना हे मी वर्गात आवर्जून सांगतो. एकदा असाच धडा चालू असता आठवीतला एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, मायक्रोसॉफ्टने कॉल ऑफ ड्यूटीची कंपनी विकत घेतली, तेही तसेच का?” वर्गात हशा पिकला. मीही हसलो, परंतु उत्तर मात्र देता आले नाही. शिक्षकाला उत्तर न येणे हा गुन्हा नव्हे, पण ते न शोधणे हा निश्चित गुन्हा आहे, असे आमचे एक गुरुजी म्हणत असत. त्या प्रश्नाच्या पाठीमागे लागून जे वाचले, ते स्मरणिकेच्या निमित्ताने पालकबंधू-भगिनी आणि विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहे.

पालकांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, दुपारची जेवणे आटोपल्यावर आपल्या घरातील अम्मी आणि खाला फोनवर रंगीत गोळ्या जुळविण्याचा जो कँडी क्रश नावाचा खेळ खेळतात, तोही याच सौद्यात हस्तांतरित झाला. आणि ईदीचे पैसे मुले हल्ली मिठाईपेक्षा खेळातील बंदुकीच्या रंगावर अधिक खर्च करतात, हे तर प्रत्येक घरात ठाऊक आहे. हा पैसा कोठे जातो आणि तो कोणाच्या हाती जावा यासाठी कोण कोणाशी झगडत आहे, हे समजून घेण्यात कमीपणा नाही.

प्रथम या धंद्याची रीत पाहू. टेलिव्हिजनला जोडून खेळ खेळावयाचे जे यंत्र असते त्यास कन्सोल म्हणतात. आज या यंत्रांचे तीन मोठे निर्माते आहेत : जपानच्या निन्टेन्डो आणि सोनी, व अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट. खेळ तयार करणाऱ्या कारखान्याला स्टुडिओ म्हणतात. यंत्र विकून फारसा नफा होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनी तर २०२१ साली अमेरिकेतील एका खटल्यात शपथेवर सांगितले की, त्यांच्या कंपनीने एक्सबॉक्स हे यंत्र कधीच नफ्यात विकलेले नाही. नफा येतो तो खेळांतून. दुसऱ्या कंपनीने केलेला खेळ आपल्या यंत्रावर विकला गेला की यंत्रवाला त्यातून वाटा घेतो. आजच्या डिजिटल दुकानांत हा वाटा साधारणतः ३० टक्के असतो. म्हणजे यंत्र हा बाजार भरविण्याचा ओटा आहे आणि खेळ हा त्यावर मांडलेला माल. ओटा फुकट दिला तरी चालेल, पण गिऱ्हाईक आपल्याच बाजारात आले पाहिजे.

गिऱ्हाईक येते ते मालासाठी. मग बाजाराच्या मालकाला मोह होतो की, सर्वांत गाजलेला माल बनविणारा कारागीरच आपण विकत घ्यावा, म्हणजे तो माल शेजारच्या बाजारात दिसणार नाही. उदाहरणच द्यावयाचे तर, एखाद्या पुस्तकविक्रेत्याने दहावीची सर्वांत खपाची गाईडे छापणारी प्रकाशन संस्थाच विकत घेतली तर काय होईल? तो ती गाईडे फक्त स्वतःच्या दुकानात ठेवील, की गावातल्या सर्व दुकानांना देईल? सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याची उत्तरे निरनिराळी आली आहेत.

प्रारंभी तर बाहेरच्या कारागिराने खेळ करावयाचा ही कल्पनाच नव्हती. अमेरिकेतील अटारी कंपनी यंत्रही स्वतः करी आणि खेळही. खेळ रचणाऱ्या माणसांची नावे ती छापत नसे आणि विक्रीतला वाटाही देत नसे. त्यावर नाराज होऊन चार प्रोग्रॅमर बाहेर पडले व १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन नावाची स्वतंत्र कंपनी काढली. त्यांनी अटारीच्याच यंत्रासाठी खेळ करून विकावयास आरंभ केला. अटारीने कोर्टात खेचले. १९८२ साली तडजोड झाली आणि बाहेरच्यांनी खेळ करून यंत्रवाल्याला मोबदला द्यावा ही वाट खुली झाली. आजच्या सबंध धंद्याचा पाया त्या तडजोडीत आहे. यंत्रवाल्याच्या जाचातून सुटण्यासाठी निघालेली हीच अ‍ॅक्टिव्हिजन २०२३ साली एका यंत्रवाल्याच्या पदरी गेली. अर्थात मधल्या चाळीस वर्षांत मालक बदलले, विलीनीकरणे झाली. मूळची नाव तेवढी राहिली.

वाट खुली झाली तसा निकृष्ट मालाचा पूर आला आणि १९८३ साली अमेरिकेतला हा बाजार कोसळला. त्यातून निन्टेन्डोने धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत आपले यंत्र आणताना तिने त्यात एक कुलूपवजा चिप बसविली. कंपनीच्या परवानगीवाचून केलेला खेळ त्यावर चालू नये अशी ती योजना होती. परवाना घेणाऱ्याने वर्षाला पाचच खेळ काढावेत, आणि निन्टेन्डोसाठी केलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर देऊ नये, अशा अटी होत्या. येथे एकही स्टुडिओ विकत घेतलेला नाही हे लक्षात घ्यावे. करारानेच दार लावून घेतले होते. १९९० साली अमेरिकी सरकारच्या चौकशीचा ससेमिरा मागे लागला तेव्हा ही दुसरी अट सोडावी लागली.

पुढे १९९४ च्या डिसेंबरात सोनीने जपानमध्ये प्लेस्टेशन आणले. आदल्याच वर्षी तिने इंग्लंडमधील लिव्हरपूलचा सिग्नोसिस हा स्टुडिओ विकत घेतला होता. गंमत अशी की, त्याच स्टुडिओचा वाइपआउट हा शर्यतीचा खेळ १९९६ साली सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्रावरही विक्रीस आला. मालक सोनी, दुकान सेगाचे! सोनीने निन्टेन्डोचा पाडाव केला तो खरेदीने नव्हे. निन्टेन्डो महागड्या आणि कमी जागेच्या कार्ट्रिजला चिकटून राहिली. सोनीने स्वस्त सीडी वापरली. फायनल फँटसी या मालिकेचा सातवा भाग तीन सीडींवर १९९७ साली प्लेस्टेशनसाठी निघाला, तेव्हा तो करणारी स्क्वेअर ही कंपनी स्वतःहून निन्टेन्डोला सोडून आलेली होती. सेगाचे ड्रीमकास्ट हे यंत्र चांगले असूनही २००१ साली बंद करावे लागले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या कंपनीने त्यासाठी खेळच केले नाहीत, हे त्यामागील एक कारण. कारागीर आला नाही तर बाजार ओस पडतो, हे त्या वर्षी साऱ्यांनी पाहिले.

ते पाहणाऱ्यांत मायक्रोसॉफ्ट होती. तिला या धंद्यात उतरावयाचे होते, पण हाताशी एकही नावाजलेला खेळ नव्हता. जून २००० मध्ये तिने शिकागोची बन्जी ही छोटी कंपनी विकत घेतली. बन्जीचा हेलो हा खेळ आदल्या वर्षी अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी आपल्या मॅकच्या व्यासपीठावरून मोठ्या अभिमानाने दाखविला होता. तोच हेलो नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्सबरोबर बाजारात आला. अनेकांनी हेलो खेळण्यासाठी ते यंत्र घेतले. एका लहानशा खरेदीने एका नव्या यंत्राला उभे राहावयास जागा मिळवून दिली, असे हे बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तरीही आकडे पाहिले म्हणजे उत्साह आवरावा लागतो. पहिला एक्सबॉक्स सुमारे २ कोटी ४० लाख खपला. त्याच काळातले सोनीचे प्लेस्टेशन २ हे १५ कोटींच्या पुढे गेले. जागा मिळाली, राज्य मिळाले नाही.

यानंतरची खरेदी मला सर्वांत बोधप्रद वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. इंग्लंडमधील ट्वायक्रॉस या खेड्यात रेअर नावाचा स्टुडिओ होता. त्याने निन्टेन्डोसाठी १९९४ साली डाँकी काँग कन्ट्री आणि १९९७ साली गोल्डनआय हे अतिशय गाजलेले खेळ केले होते. निन्टेन्डोकडे त्याचे ४९ टक्के भाग होते. सप्टेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३७ कोटी ५० लाख डॉलर मोजून सबंध रेअर घेतला. त्या वेळच्या दराने सुमारे अठराशे कोटी रुपये. निन्टेन्डोने आपले भाग निमूटपणे विकले. शत्रूचा उजवा हात कापून आणल्याच्या थाटात त्या बातमीचे स्वागत झाले.

मग हाती काय आले? डाँकी काँग हे पात्र निन्टेन्डोच्या मालकीचे होते, ते तिच्याकडेच राहिले. गोल्डनआय हा जेम्स बाँडचा खेळ, त्याचे हक्क भलत्यांकडे. तो करणाऱ्या मंडळींपैकी कित्येकजण आधीच रेअर सोडून गेले होते. मायक्रोसॉफ्टसाठी केलेला रेअरचा पहिला खेळ फारसा कोणी विकत घेतला नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टकडे खिशात मावणारे यंत्र नव्हते, म्हणून रेअर त्यानंतरही काही वर्षे निन्टेन्डोच्या छोट्या यंत्रासाठी खेळ करीतच राहिला. आणि जिचा उजवा हात गेला म्हणत होते, त्या निन्टेन्डोने २००६ साली वी हे यंत्र काढून ते १० कोटींहून अधिक विकले. रेअरची इमारत, पाटी आणि कागदपत्रे विकत मिळाली. ज्या माणसांमुळे त्या पाटीला किंमत होती ती माणसे सौद्याच्या यादीत नसतात. आमच्या समाजात एखाद्या नावाजलेल्या बिर्याणीवाल्याचे दुकान विकत घेणारे हे चांगले जाणतात.

बन्जीचेही तेच झाले. २००७ साली ती मंडळी मायक्रोसॉफ्टपासून स्वतंत्र झाली. हेलोचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे राहिले, माणसे निघून गेली.

सोनीची चाल या बाबतीत निराळी दिसते. ती आधी वर्षानुवर्षे एखाद्या स्टुडिओबरोबर काम करी आणि मग लग्न लावी. नॉटी डॉग या स्टुडिओने १९९६ पासून प्लेस्टेशनसाठी खेळ केले. तो २००१ साली घेतला. इन्सोम्निअ‍ॅक तर दोन दशकांच्या सहवासानंतर २०१९ साली, सुमारे २३ कोटी डॉलरना. अशा खरेदीने दुसऱ्याच्या ताटातले काही जात नाही, कारण ते खेळ बहुतांशी आधीपासूनच सोनीकडे होते. अर्थात सोनी साधुसंत होती असे मुळीच नाही. न विकत घेताही तिने दारे लावून घेतली. ग्रँड थेफ्ट ऑटोचा तिसरा भाग २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला, तो एक्सबॉक्सवर यावयास २००३ उजाडले. कॉल ऑफ ड्यूटीचे नवे नकाशे आधी एक्सबॉक्सला मिळत. २०१५ पासून तो मान सोनीने आपल्याकडे वळविला. विकत घेणे ही एक रीत, भाड्याने घेणे ही दुसरी.

२०१३ साली आलेल्या एक्सबॉक्स वन या यंत्राने मायक्रोसॉफ्टची पुरती निराशा केली. सोनीचे प्लेस्टेशन ४ हे पुढे ११ कोटी ७० लाखांच्या घरात गेले. मायक्रोसॉफ्टने २०१५ नंतर आपल्या यंत्रांच्या विक्रीचे आकडे सांगणेच बंद केले. ज्या विद्यार्थ्याचे गुण कमी पडतात तो प्रगतिपुस्तक घरी दाखवीत नाही, त्यातलाच हा प्रकार. मग कंपनीने डाव बदलला. जून २०१७ मध्ये तिने गेम पास नावाची योजना काढली. ही आपल्या वाचनालयासारखी आहे : महिन्याची वर्गणी भरा आणि कपाटातला कोणताही खेळ न्या. वाचनालय चालवावयाचे तर कपाट भरलेले हवे. म्हणून खरेद्यांचा सपाटा सुरू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये साडेसात अब्ज डॉलरना झेनिमॅक्स, म्हणजे बेथेस्डा हा प्रख्यात स्टुडिओ व त्याची भावंडे, घेतल्याचे जाहीर झाले. बेथेस्डाचा स्टारफील्ड हा खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला तेव्हा तो प्लेस्टेशनवर दिला गेला नाही.

आणि १८ जानेवारी २०२२ रोजी ती घोषणा झाली. अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही सबंध कंपनी मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरना घेणार. रुपयांत ही रक्कम पाच लाख कोटींच्या वर जाते; महाराष्ट्र राज्याचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प साधारण तेवढाच होता. या खरेदीचा हुकूम देणारे सत्या नडेला हैदराबादच्या शाळेत शिकलेले, एवढाच आपला तिच्याशी संबंध. अ‍ॅक्टिव्हिजन त्या वेळी अडचणीत होती. कर्मचारी स्त्रियांच्या छळाबद्दल कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली तिच्यावर खटला भरला होता. पण तिच्या तिजोरीत कॉल ऑफ ड्यूटी होते, ज्याच्या ४० कोटींहून अधिक प्रती तोवर खपल्या होत्या.

सोनी हादरली. तिच्या यंत्रावरील सर्वांत खपाच्या खेळांपैकी एक आता प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचा होणार होता. घोषणेनंतर दोन आठवडे पुरे होण्याच्या आत सोनीने बन्जी ३.६ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. एकेकाळी एक्सबॉक्सला उभे करणारी बन्जी आता प्लेस्टेशनच्या घरात आली. मात्र त्याच दिवशी सांगण्यात आले की बन्जीचा डेस्टिनी हा खेळ इतर यंत्रांवरही पूर्ववत चालू राहील.

मग सरकारे मध्ये पडली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ८ डिसेंबर २०२२ रोजी दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक तर कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवरून काढूनच घेतील. किंवा काढले नाही तरी तेथे ते उशिरा, अपुरे अथवा महाग देतील, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप एक्सबॉक्सकडे वळेल. झेनिमॅक्सचे ताजे उदाहरण आयोगाने पुढे केले. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने हिशेब मांडून पाहिला. प्रथम त्यांनाही भीती वाटली. पण मार्च २०२३ मध्ये त्यांनी तो हिशेब दुरुस्त केला. सोनीच्या गिऱ्हाइकांना खेळ न विकल्यामुळे बुडणारा पैसा हा नव्याने मिळणाऱ्या गिऱ्हाइकांपासूनच्या लाभाहून जास्त भरत होता. कन्सोलबाबतचा आक्षेप त्यांनी सोडला, परंतु इंटरनेटवरून थेट खेळ पाठविण्याच्या नव्या धंद्यात मायक्रोसॉफ्ट शिरजोर होईल असे सांगून २६ एप्रिल रोजी सौदा रोखला. युरोपीय आयोगाने अटी घालून १५ मे रोजी तोच मान्य केला. एकच दस्तऐवज, तीन काझी आणि तीन निवाडे!

जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात न्यायमूर्ती जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांच्यापुढे पाच दिवस सुनावणी झाली. आपण कन्सोलच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकावर आहोत, असे मायक्रोसॉफ्टचेच वकील सांगत होते. एवढी बलाढ्य कंपनी स्वतःचा पराभव सिद्ध करण्यासाठी धडपडते, हे दृश्य न्यायालयाबाहेर पाहावयास मिळणे कठीण. सोनीच्या प्रमुखांचे एक जुने पत्र पुढे आले. कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर पुढील कित्येक वर्षे राहील असे आपल्याला वाटते, असे त्यांनी घोषणेच्या सुमारास खासगीत लिहिलेले होते. निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र कॉल ऑफ ड्यूटीवाचूनच कोट्यवधींनी खपले, हाही मुद्दा निघाला. जुलैच्या ११ तारखेस निकाल जाहीर झाला आणि आयोगाची मनाई-हुकमाची मागणी फेटाळली गेली. पाच दिवसांनी सोनीने कॉल ऑफ ड्यूटीसाठी दहा वर्षांच्या करारावर सही केली. निन्टेन्डोने असा करार फेब्रुवारीतच केला होता. ब्रिटनचे समाधान करण्यासाठी इंटरनेटवरून खेळ पाठविण्याचे हक्क युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला द्यावे लागले. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पुरा झाला. अमेरिकी आयोगाचे अपील मे २०२५ मध्ये फेटाळले गेले आणि त्याच महिन्यात आयोगाने प्रकरण सोडून दिले.

आता मूळ प्रश्न. स्पर्धेवर परिणाम काय झाला? ज्याची धास्ती होती ते घडले नाही. ऑक्टोबर २०२४ मधला कॉल ऑफ ड्यूटीचा नवा भाग प्लेस्टेशनवरही त्याच दिवशी आला. एवढेच नव्हे, तर मायक्रोसॉफ्ट स्वतःचे जुने, घरचे खेळही शेजारच्या दुकानात ठेवू लागली. २०२४ च्या एप्रिलात रेअरचा सी ऑफ थीव्ह्ज प्लेस्टेशन ५ वर आला. हाच तो रेअर, जो बावीस वर्षांपूर्वी शत्रूचा हात म्हणून आणला होता. २०२५ च्या एप्रिलात फोर्झा होरायझन ५ गेला, ऑगस्टमध्ये गिअर्स ऑफ वॉर गेला, आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की ज्याच्या जोरावर एक्सबॉक्स उभा राहिला तो हेलोही प्लेस्टेशनवर जाणार.

माझ्या मते याचे कारण खरेदीच्या आकारातच आहे. बन्जी स्वस्तात मिळाली होती. तिचा खेळ एकाच दुकानात कोंडून ठेवणे परवडत होते. अडुसष्ट अब्ज डॉलर गुंतविल्यावर ते वसूल करावयाचे तर माल प्रत्येक दुकानात गेलाच पाहिजे, मग त्यातला सुमारे तीस टक्के वाटा सोनीच्या पेटीत पडला तरी चालेल. जितकी खरेदी अवाढव्य, तितके दार बंद ठेवणे अवघड. २०१४ साली अडीच अब्ज डॉलरना घेतलेले माइनक्राफ्ट कंपनीने कधीच कोंडून ठेवले नव्हते, हे आठवले म्हणजे सरकारी तज्ज्ञांनी ऐन दारावर इतका पहारा का दिला याचे थोडे आश्चर्य वाटते.

तथापि याचा अर्थ स्पर्धेला धक्का लागला नाही असा कोणी घेऊ नये. धक्का दुसऱ्या बाजूने बसला. ज्या यंत्रावरचा प्रत्येक खेळ दुसरीकडेही मिळतो ते यंत्र कोणी का घ्यावे? एक्सबॉक्स यंत्रांपासूनचे उत्पन्न घसरत गेले आणि मायक्रोसॉफ्ट हळूहळू यंत्रवाल्यापेक्षा खेळवाली अधिक झाली. म्हणजे सोनीचा समोरासमोरचा प्रतिस्पर्धी आपण होऊन काहीसा बाजूला सरकला. यंत्र जुने होत गेले की त्याची किंमत उतरते असा या धंद्यातला आजवरचा अनुभव. पण २०२५ साली अमेरिकेत सोनीने किंमत ५० डॉलरने वाढविली, तर एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन वाढींत ५०० वरून ६५० डॉलरवर गेला. आयातकर आणि महागाई ही कारणे त्यामागे आहेतच. परंतु दाराशी दणकट प्रतिस्पर्धी उभा असता तर दोघांनाही असे धैर्य झाले असते काय, याबद्दल मला शंका आहे. वाचनालयाची वर्गणीही चढली. गेम पासच्या सर्वांत वरच्या श्रेणीला २०२३ च्या आरंभी महिना १४.९९ डॉलर पडत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते २९.९९ झाले. २०२४ साली योजनेत फेरबदल झाले तेव्हा व्यापार आयोगाने अपील न्यायालयाला पत्र लिहून हेच का तुमचे ग्राहकहित, अशा आशयाची तक्रार केली होती.

या सर्व हिशेबात एक रकाना राहून जातो, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मला तोच महत्त्वाचा वाटतो. संगणकावर खेळ रचण्याचा अभ्यासक्रम घ्यावा काय, असे विचारणारी दोन-तीन मुले हल्ली दर वर्षी भेटतात. त्यांनी हे वाचावे. व्यवहार पुरा झाल्यावर तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने खेळांच्या विभागातील १,९०० माणसांना घरी पाठविले. मे महिन्यात झेनिमॅक्सबरोबर आलेले काही स्टुडिओ बंद केले. त्यांत टोकियोचा टँगो गेमवर्क्स होता, ज्याच्या हाय-फाय रश या खेळाची आदल्या वर्षीच वाहवा झाली होती. चांगले काम केले म्हणून नोकरी राहतेच असे नाही, हे त्या मंडळींना एका सकाळी कळले. सोनीकडेही निराळे चित्र नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे सुमारे ९०० जण गेले. २०२३ साली घेतलेल्या फायरवॉक या स्टुडिओचा काँकॉर्ड हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये निघाला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. दोन महिन्यांत स्टुडिओही बंद झाला. बन्जीतूनही शेकडो माणसे कमी झाली. मोठ्या घरात सून म्हणून गेलेल्या मुलीचे सुख जसे त्या घराच्या मर्जीवर, तसे विकत घेतलेल्या स्टुडिओचे असते. घराची गणिते बदलली की तिचा गुण पाहिला जात नाही.

टँगोपुरती मात्र हकीकत थोडी पुढे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तो स्टुडिओ आणि हाय-फाय रशचे हक्क घेतले व कामगारांना सामावून घेण्याचे ठरविले. क्राफ्टनची ओळख आपल्या मुलांना करून द्यावयास नको. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आल्यानंतर पुढच्या वर्षी जो बीजीएमआय आला, तो हिचाच. ईदीच्या पैशांचा एक ओहोळ टोकियोच्या त्या कारागिरांपर्यंत पोहोचला असेल काय, असा हिशेब आठवीतल्या त्या मुलाने मला विचारला. मी म्हटले, असेलही. कंपनीच्या वहीत रुपयांना वेगळा रंग नसतो.

त्यावर त्याने दुसरा प्रश्न टाकला. २९ सप्टेंबर २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे मुलांच्या आवडत्या फुटबॉलच्या खेळाची कंपनी, ५५ अब्ज डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी व दोन अमेरिकी भांडवलदार संस्था आहेत. त्यांच्यापैकी कोणीही कन्सोल बनवीत नाही. मग सर, तो खेळ कोणत्या यंत्रावर बंद करतील? मी त्याला सांगितले की, दार बंद करण्यात त्यांचा काहीच लाभ नाही. पण या खरेदीसाठी २० अब्ज डॉलर कर्ज काढावयाचे ठरले आहे, आणि त्या कर्जाचे हप्ते कंपनीच्या उत्पन्नातूनच फेडावे लागतील. ते कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या नोकरीतून निघतात, ते पाहावयास त्याने दहावीपर्यंत वर्तमानपत्र वाचीत राहावे.